गाडी बोलतेय, पण कुणाशी?

समजा, रविवारची दुपार आहे. रणरणतं ऊन. आणि तुमची चकाचक एसयूव्ही स्वतःहून वायपर मारायला लागते! इंडिकेटर द्यावा तर हेडलाइट विझतात, काच खाली करावी तर लॉक खटाखट वाजतात. शेजारच्या काकू म्हणतील, लिंबू-मिरची बांधा. पण बॉस, भूतबित काही नाही. डॅशबोर्डच्या आत दडलेल्या एका खोक्याचं डोकं फिरलेलं असू शकतं. त्याचं नाव बॉडी कंट्रोल मॉड्यूल. गॅरेजच्या भाषेत, बीसीएम.

फंडा सोपा आहे. जुन्या जीपमध्ये बटण दाबलं की वायर, रिले आणि दिवा, असा सरळ मामला होता. आता बटण दाबलं की ते आधी बीसीएमला कळवतं आणि मग बीसीएम दिवा लावतं. काचा, वायपर, लॉक, हॉर्न, आतले दिवे, सगळं त्याच्या अखत्यारीत. बऱ्याच गाड्यांमध्ये किल्ली ओळखणारी यंत्रणाही त्यातच किंवा त्याच्याशी जोडलेली. हे खोकं इंजिनाच्या, ब्रेकच्या कॉम्प्युटरशी दोन पिळलेल्या वायरींवरून सतत गप्पा मारत असतं. या गप्पांच्या पद्धतीला ‘कॅन’ म्हणतात. बॉश कंपनीने ती १९८६ साली जगापुढे आणली. थोडक्यात, तुमची गाडी चोवीस तास चॅट करतेय. प्रश्न एवढाच, की ती बिघडली तर तिच्याशी बोलणार कोण?

पुण्या-मुंबईत हा प्रश्न पडत नाही. अॅपवर अपॉइंटमेंट घ्यायची, गाडी पाठवायची, आपण कॅफेत लॅपटॉप उघडायचा. पण आपल्यापैकी कितीतरी जणांनी पहिल्या मोठ्या इन्क्रिमेंटनंतर ईएमआयवर घेतलेली गाडी गावाकडे, घरच्यांच्या दारात उभी आहे. तिचं काय? म्हणून आज एफसी रोड सोडून जरा केजला जाऊ.

केज म्हणजे बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मांजरा धरण याच तालुक्यात, धनेगावला. २०१६च्या दुष्काळात ते आटलं आणि लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. खुद्द केजला मात्र रेल्वे नाही. जे काही चालतं ते रस्त्यावर. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांच्या गाड्या इथून बाहेर पडतात त्या रस्त्याने, आणि पेशंट अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजला जातो तोही रस्त्याने. त्यामुळे इथे दारातली एसयूव्ही म्हणजे नुसती शायनिंग नसते. माझ्या केजच्या मामांची गाडी तर गल्लीची बिनपगारी अॅम्ब्युलन्स आहे. रात्री दोन वाजता कुणाच्या छातीत कळ आली तरी आधी मामांची कडी वाजते.

गेल्या पावसाळ्यानंतर हीच गाडी झपाटल्यासारखी वागायला लागली. आधी लॉक, मग हेडलाइट, आणि एका सकाळी किल्लीचं चिन्ह लुकलुकलं आणि गाडी चालूच होईना. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. कहाणी कुठल्याही कंपनीची असू शकते. वॉरंटी अर्थातच संपलेली.

मामांचा मिस्त्री मोठा हुशार माणूस. त्याने खोक्याला हात लावण्याआधी स्वस्तातल्या गोष्टी तपासल्या. बॅटरीचं व्होल्टेज बघितलं, कारण बॅटरी पडली की बीसीएम दारू प्यायल्यासारखं वागतं. फ्यूज काढून पाहिले. अर्थिंगच्या वायरी घासून घट्ट केल्या. मग बॅटरीची वायर काढून कॅनच्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजला. तो साधारण साठ ओहम हवा, कारण लाइनच्या दोन टोकांना १२०-१२०चे दोन रेझिस्टर असतात. मोजायला पाचशे रुपयांचं मल्टिमीटर पुरतं. तोही बरोबर निघाला. शेवटी डॅशबोर्डखालचं कव्हर काढलं आणि चोर सापडला. समोरच्या काचेखालची पाणी जायची वाट पालापाचोळ्याने तुंबली होती. पावसाचं पाणी झिरपत आत आलं होतं आणि बीसीएमच्या कनेक्टरवर हिरवा गंज चढला होता.

साफसफाई झाली, गाडी पळाली. आठ दिवसांनी पुन्हा बंद. पाणी आतल्या सर्किट बोर्डापर्यंत पोचलं होतं. म्हणजे आता खोकंच बदलायचं.

इथपर्यंतचं सगळं काम केजमध्ये, रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये झालं. खरी गंमत पुढे आहे. मिस्त्रीने भंगारातून त्याच मॉडेलचं खोकं मिळवलं. प्लग बसला, स्क्रू बसले, गाडी मात्र ढिम्म. कारण त्या खोक्याला दुसऱ्याच गाडीचा नंबर आणि दुसऱ्याच किल्ल्या पाठ होत्या. नवं कोरं मॉड्यूल आणलं तरी त्यात गाडीचा चासी नंबर लिहावा लागतो, गाडीत कुठकुठली फीचर्स आहेत ते सांगावं लागतं, बऱ्याच गाड्यांत किल्ल्यांची ओळख पुन्हा करून द्यावी लागते. या सगळ्याला कंपनीचं सॉफ्टवेअर आणि पासवर्ड लागतो. बाजारात मिळणारा स्वस्त स्कॅनर इंजिनाचे सर्वसाधारण कोड वाचतो. बीसीएमच्या भानगडी त्याच्या आवाक्याबाहेरच्या. मिस्त्री मला म्हणाला, “ताई, गाडी बोलायली, पण तिची भाषा आपल्याला येईना. अन् शिकवायला कुणी तयार नाही.”

मग गाडी ट्रकवर चढली आणि अधिकृत वर्कशॉपला रवाना झाली. पार्ट यायची वाट, मग नंबर लागायची वाट, असे अकरा दिवस गेले. लॅपटॉप लावून केलेलं प्रत्यक्ष काम पाऊण तासाचं! त्या अकरा दिवसांत एका रात्री समोरच्या घरातल्या सुनेला कळा सुरू झाल्या. सवयीने मामांची कडी वाजली आणि मामा दारात नुसते उभे राहिले. १०८ वेळेत आली, बाळ-बाळंतीण सुखरूप. पण मामा तेव्हापासून एकच वाक्य बोलतात, “हप्ते मी भरले, अन् चालू करायचा हक्क दुसऱ्याचा?”

आता कंपन्यांचीही बाजू ऐकू. कोडिंग कुलूपबंद ठेवलं नाही तर चोराचं फावेल, असं त्या सांगतात. मुद्दा खोटा नाही. भंगारातलं खोकं लावून कुठलीही गाडी चालू व्हायला लागली तर पार्किंगमध्ये आपली गाडी दुसऱ्या दिवशी दिसेल का? पण त्याला उत्तर आहे. अमेरिकेत ओळख तपासून नोंदणी केलेल्या स्वतंत्र मेकॅनिकना आणि कुलूपवाल्यांना किल्ल्यांचे कोड मिळण्याची व्यवस्था आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याने तर २०१२मध्येच गाड्यांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. चोराला बाहेर ठेवता येतं आणि मिस्त्रीला आत घेता येतं.

आणि आपल्याकडे हे भांडण झालंच नाही असं समजू नका. २०११ साली शमशेर कटारिया नावाच्या ग्राहकाने तीन कार कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळत नाहीत, हा मुद्दा. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. भाग आणि साधनं स्वतंत्र गॅरेजना उपलब्ध करा, आणि ग्राहक बाहेरच्या मेकॅनिककडे गेला एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या आणि कोर्टाचा रस्ता लांबला. पुढे २४ डिसेंबर २०२२ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाइल, घरगुती उपकरणं, शेतीची अवजारं यांच्याबरोबर गाड्याही आहेत. म्हणजे तत्त्व दिल्लीत मान्य झालंय. केजच्या गॅरेजपर्यंत ते पोचायचंय.

तोवर आपण काय करायचं? एक, पावसाळ्याआधी काचेखालच्या आणि सनरूफच्या पाण्याच्या वाटा साफ करून घ्या; फुकटात होणारं काम आहे. दोन, जास्तीचे फोकस, कर्कश हॉर्न, निळे-जांभळे दिवे लावताना मूळ वायर कापून जोडायला देऊ नका. जत्रेतल्या पाळण्यासारखी गाडी सजते खरी, पण भार बीसीएमला सोसावा लागतो. तीन, ‘मॉड्यूल गेलंय, बदलावं लागेल’ असं कुणी म्हटलं की आधी बॅटरी, फ्यूज, अर्थिंग आणि कनेक्टर बघितलेत का ते विचारा, आणि कोडचा रिपोर्ट लेखी मागा. चार, बदललंच तर कोडिंग चालू असताना बॅटरीला चार्जर जोडलेला असू द्या, कारण मध्येच करंट पडला तर नवं खोकंही बाद होऊ शकतं. बिल, पार्टची वॉरंटी आणि जुनं खोकं मागून घ्या. पाच, फसवणूक झाली असं वाटलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर तक्रारदार जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. गाडी कुठेही घेतलेली असो, मामा बीडलाच दाद मागू शकतात.

आणि सहावी गोष्ट दसऱ्याच्या बुकिंगआधीची. शोरूममध्ये आपण मायलेज विचारतो, टचस्क्रीन किती इंचांचा ते विचारतो, सनरूफ उघडून सेल्फी काढतो. या वेळी सेल्समनला एवढंच विचारा, “ही गाडी माझ्या गावात बंद पडली, तर तिच्याशी बोलणारा माणूस किती किलोमीटरवर आहे?” त्याने कॅटलॉग चाळायला घेतला, तर तुम्ही खुशाल बाहेर जाऊन चहा घ्या. दुसरं शोरूम समोरच असतं!