नऊ विजय, एक नकार
१९५१ सालच्या सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाची गोष्ट प्रत्येक प्रशिक्षकाने आपल्या पोरांना सांगायला हवी. जो कुहारिच यांच्या तालमीतला हा संघ ९ पैकी ९ सामने जिंकला. संघातला जिनो मार्चेटी दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला. ऑली मॅटसन त्या हंगामात चेंडू घेऊन १,५६६ यार्ड धावला, देशात सर्वाधिक. हंगामाअखेरच्या मानाच्या बाउल सामन्याचे वेध लागले, तेव्हा मॅटसन आणि बर्ल टोलर या कृष्णवर्णीय खेळाडूंना मागे ठेवण्याची अट पुढे आली. संघाने ती साफ धुडकावली. बाउलचा पैसा आला नाही आणि तोट्यातला फुटबॉल विद्यापीठाने हंगामानंतर बंद केला. टोलर १९६५ मध्ये एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगचा पहिला कृष्णवर्णीय पंच झाला. सोबत्याला वाऱ्यावर न सोडणारा संघच माझ्या लेखी खरा अजिंक्य.