शून्याचे मोल

खेळातील थोरवीची चर्चा आकड्यांनी मिटावी, अशी आपणा सर्वांचीच इच्छा असते. आकड्याला आवडनिवड नसते, आणि पिढी बदलली म्हणून तो बदलत नाही. असे असूनही जगभरच्या मुष्टियुद्धप्रेमींमध्ये गेली सुमारे सत्तर वर्षे जो वाद धुमसत आहे, तो एका निर्विवाद आकड्याभोवतीच फिरतो. रॉकी मार्सियानो या अमेरिकन मुष्टियोद्ध्याने १९४७ ते १९५५ या काळात ४९ व्यावसायिक लढती दिल्या. त्या सर्व जिंकल्या. त्यांपैकी ४३ लढती निर्धारित फेऱ्या पूर्ण होण्याआधीच निकाली काढल्या, आणि २७ एप्रिल १९५६ रोजी हेवीवेट गटाचा जगज्जेता असतानाच निवृत्ती जाहीर केली. ४९ विजय आणि शून्य पराभव ही ती नोंद होय.

या शून्यामुळे मार्सियानो हा आजवरचा सर्वश्रेष्ठ हेवीवेट ठरतो का? होय म्हणणारे निष्ठावान चाहते आहेत, तसेच नाही म्हणणारे व्यासंगी जाणकारही आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही पक्षांचे युक्तिवाद तपासण्याजोगे आहेत. कारण वरवर पाहता मुष्टियुद्धाचा वाटणारा हा वाद प्रत्यक्षात माणसाचे कर्तृत्व मोजावे कसे याचा आहे.

प्रथम समर्थकांची बाजू पाहू. १ सप्टेंबर १९२३ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॉकटन या गावी एका इटालियन स्थलांतरित कुटुंबात जन्मलेल्या या मुलाचे वडील बुटांच्या कारखान्यात कामगार होते. मुलाला बेसबॉलपटू व्हायचे होते. पण १९४७ मध्ये चाचणीत तो नापसंत ठरला. व्यावसायिक मुष्टियुद्धाकडे तो वळला तेव्हा त्याचे वय तेवीस-चोवीस होते, म्हणजे या खेळाच्या मानाने उशीरच झालेला. उंची जेमतेम पाच फूट दहा इंच, हातांची लांबी तोकडी, पदन्यास बेंगरूळ. वजन सुमारे ८४ ते ८५ किलो, म्हणजे आजच्या नियमांनुसार तो हेवीवेटच्या खालच्या क्रूझरवेट गटातच मोडला असता. एवढ्या उणिवा घेऊन आलेल्या माणसाने चार्ली गोल्डमन या प्रशिक्षकाच्या हाताखाली अफाट मेहनत करून जगज्जेतेपद मिळवले आणि ते सहा वेळा राखले. समर्थक म्हणतात, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

विरोधकांचा आक्षेप प्रतिस्पर्ध्यांच्या वयाविषयी आहे. ऑक्टोबर १९५१ मध्ये मार्सियानोने ज्या जो लुईला आठव्या फेरीत बाद केले, तो लुई ३७ वर्षांचा होता. सप्टेंबर १९५२ मध्ये ज्याच्याकडून त्याने जगज्जेतेपद हिसकावले, तो जर्सी जो वॉलकॉट ३८ वर्षांचा होता. कारकिर्दीतील अखेरच्या लढतीतील प्रतिस्पर्धी आर्ची मूर तर स्वतःच्या सांगण्याप्रमाणे ३८ आणि आईच्या सांगण्याप्रमाणे ४१ वर्षांचा होता! उतरणीला लागलेल्या योद्ध्यांवर मिळवलेल्या विजयांची बेरीज कितीही मोठी दिसली, तरी तिचे वजन कमी भरते, असा या मंडळींचा दावा आहे.

आक्षेपात तथ्य आहे. पण ते पूर्ण नाही. वॉलकॉट वयस्क होता हे खरे, तसाच तो त्या क्षणी जगज्जेता होता हेही खरे. मूर हा त्यावेळी लाइट हेवीवेट गटाचा विद्यमान जगज्जेता होता. एझर्ड चार्ल्स १९५४ च्या जूनमध्ये मार्सियानोसमोर उभा राहिला तेव्हा त्याचे वय ३२ होते आणि त्यापूर्वी त्याने प्रत्यक्ष जो लुईला हरवलेले होते. त्या रात्री चार्ल्सने पंधराही फेऱ्या झुंज दिली. मार्सियानोपुढे पंधरा फेऱ्या टिकलेला तो एकमेव प्रतिस्पर्धी. शिवाय विजेता आपल्या काळातीलच प्रतिस्पर्ध्यांशी लढू शकतो. काळ निवडण्याची मुभा कोणालाच नसते.

माझा स्वतःचा आक्षेप निराळा आहे. ज्या शून्यावर समर्थक एवढी भिस्त ठेवतात, ते शून्य किती नाजूक धाग्यावर लोंबत होते हे फारसे कोणी पाहत नाही. मार्च १९५० मध्ये रोलंड लास्टार्झा या तरुणाशी मार्सियानोची लढत झाली. तोवर लास्टार्झाही अपराजित होता. दहा फेऱ्यांअंती एका पंचाचा कौल मार्सियानोला, दुसऱ्याचा लास्टार्झाला मिळाला. तिसऱ्याच्या म्हणजे रिंगमधील रेफरीच्या हिशेबी फेऱ्या समसमान होत्या. न्यूयॉर्कच्या नियमांतील पूरक गुणपद्धतीचा आधार घेऊन त्याने मार्सियानोला विजयी केले. ती पूरक पद्धत नसती, तर कदाचित आज आपण ४९–० असा आकडा उच्चारलाही नसता. पण त्यामुळे मार्सियानोच्या ठोशातली ताकद तिळमात्र कमी झाली असती का? मुळीच नाही. जो आकडा एका कागदाच्या कडेवर तोलला गेला, त्यावर थोरवीचा सगळा डोलारा उभारणे कितपत योग्य, हा माझा प्रश्न आहे.

या आकड्याची दहशत कशी असते याचे उदाहरण म्हणजे लॅरी होम्स. होम्सने सलग ४८ लढती जिंकल्या आणि आपले जगज्जेतेपद वीस वेळा राखले. मार्सियानोच्या सहा वेळांपुढे हा पराक्रम केवढा! परंतु २१ सप्टेंबर १९८५ रोजी, मार्सियानोच्या अखेरच्या लढतीला बरोबर तीस वर्षे पूर्ण होत असताना, मायकेल स्पिंक्सने होम्सला गुणांवर हरवले. पराभवाच्या सलात होम्सच्या तोंडून मार्सियानोबद्दल अनुदार उद्गार निघाले. पुढे त्याने त्याबद्दल क्षमाही मागितली. तथापि, त्या एका रात्रीने होम्सचे मूल्यमापन झाकोळले ते झाकोळलेच. दुसरीकडे फ्लॉइड मेवेदरने ऑगस्ट २०१७ मध्ये ५०–० असा आकडा गाठला आणि ४९ चा टप्पा ओलांडला. त्याच्या वजनी गटातले त्याचे नैपुण्य वादातीत आहे; मात्र पन्नासावा विजय कॉनर मॅकग्रेगर या मिश्र युद्धकलेतील खेळाडूवर होता, आणि व्यावसायिक मुष्टियुद्धातील मॅकग्रेगरची ती पहिलीच लढत होती. या पन्नासाव्या विजयाने मेवेदर मार्सियानोहून श्रेष्ठ ठरला असे क्वचितच कोणी मानील. बेरजेत प्रत्येक विजय एकसारखा एक म्हणून धरला जातो. गुणवत्ता त्या बेरजेत दिसत नाही.

हा वाद यंत्राच्या हवाली करून पाहण्याचाही प्रयत्न झाला होता. १९६९ साली रेडिओ निर्माता मरे वोरोनर याने मार्सियानो आणि महंमद अली यांची काल्पनिक लढत संगणकाकडून ‘ठरवून’ घेतली. त्यावेळी अलीवर बंदी होती आणि मार्सियानोला निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती. दोघांनी कॅमेऱ्यासमोर लुटुपुटीच्या अनेक फेऱ्या खेळल्या. चित्रपट जानेवारी १९७० मध्ये झळकला. अमेरिकन प्रेक्षकांनी मार्सियानोला तेराव्या फेरीत विजयी होताना पाहिले. युरोपसाठीच्या आवृत्तीत मात्र विजय अलीच्या पदरात टाकण्यात आला! यंत्राने निकाल दिला खरा. परंतु तो ज्याला त्याला हवा तसा मिळाला. मार्सियानोला हा निकाल पाहता आला नाही. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, आपल्या ४६ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आयोवा राज्यातील विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला होता.

मग मोजावे कशाने? आमच्या व्यवसायातील एक साधी गोष्ट येथे उपयोगी पडावी. एखाद्या शाखेत थकीत कर्ज शून्य असेल, तर त्या शाखेची तत्काळ पाठ थोपटावी असे कोणालाही वाटेल. परंतु अनुभवी अधिकारी आधी विचारतो, कर्जवाटप किती केले? कोणाला केले? मंदीच्या, दुष्काळाच्या वर्षी काय घडले? कर्जच न देणाऱ्या शाखेचे शून्य आणि शेकडो उद्योजकांना उभे करूनही वसुली राखणाऱ्या शाखेचे शून्य ताळेबंदात सारखेच दिसते. पण त्यांची किंमत सारखी नसते. त्याचप्रमाणे एका वाईट वर्षी अडखळून पुढे पै-पै फेडणाऱ्या कर्जदाराची पत कधी कधी ज्याची परीक्षाच झाली नाही अशा कर्जदारापेक्षा अधिक भरवशाची असते. शून्य ही माहिती आहे. तो निष्कर्ष नव्हे.

हीच कसोटी मार्सियानोला लावली की एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. ती लावल्याने तो लहान होत नाही, उलट त्याची खरी उंची दिसू लागते. २३ सप्टेंबर १९५२ ची फिलाडेल्फियातील रात्र घ्या. पहिल्याच फेरीत वॉलकॉटने त्याला खाली पाडले. कारकिर्दीत प्रथमच तो जमिनीवर आला होता. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही गुणपत्रिकांवर तो पिछाडीवर होता. गुणांवर जिंकण्याची आशा जवळजवळ संपली होती. तेराव्या फेरीत त्याचा आखूड पल्ल्याचा उजवा ठोसा वॉलकॉटच्या जबड्यावर बसला आणि लढत तिथेच संपली. सप्टेंबर १९५४ मध्ये चार्ल्सशी झालेल्या दुसऱ्या लढतीत मार्सियानोचे नाक इतके फाटले की लढत थांबवली जाण्याचे संकट उभे राहिले. त्याने आठव्या फेरीत चार्ल्सला बाद केले. अखेरच्या लढतीत मूरने त्याला दुसऱ्या फेरीत पाडले. तो उठला आणि नवव्या फेरीत जिंकला. हरण्याच्या उंबरठ्यावर हा माणूस काय करी, याची उत्तरे या तीन रात्रींमध्ये आहेत. मला विचाराल, तर त्याची थोरवी या तीन रात्रींत आहे. उरलेल्या ४६ विजयांची बेरीज त्यांच्यामागून येते.

आता तुलनेसाठी जो लुईकडे पाहू. लुईच्या नावावर तीन पराभव आहेत, आणि त्यांपैकी पहिला, १९३६ मध्ये मॅक्स श्मेलिंगकडून झालेला, दारुण होता. तरीही १९३७ ते १९४९ अशी जवळपास बारा वर्षे जगज्जेतेपद राखणारा, पंचवीस वेळा ते वाचवणारा आणि १९३८ मध्ये त्याच श्मेलिंगला पहिल्याच फेरीत गारद करणारा लुई कोणत्या मापाने लहान ठरतो? १९४२ मध्ये त्याने दोन लढतींची मिळकत नौदल व लष्कराच्या मदतनिधींना दिली. पुढे करांच्या थकबाकीने तो असा पिचला की निवृत्तीनंतरही त्याला पुन्हा रिंगणात उतरावे लागले. मार्सियानोच्या ४९ विजयांतील एक विजय या थकलेल्या, कर्जबाजारी दिग्गजावरचा आहे. तो विजय मार्सियानोने प्रामाणिकपणेच मिळवला; मात्र लुईच्या खात्यात त्या रात्रीचा पराभव मांडताना त्यामागची परिस्थिती आपण विसरू नये. माझ्या मते हेवीवेटच्या इतिहासात लुई आणि अली हे मार्सियानोहून एक पायरी वर आहेत. दोघेही हरले; पण दोघांनीही अधिक काळ, अधिक धोक्यांना सामोरे जाऊन आपले स्थान पुनःपुन्हा सिद्ध केले. अलीने तर १९६४, १९७४ आणि १९७८ असे तीनदा जगज्जेतेपद मिळवले. गमावल्यावाचून ते तीनदा कसे मिळवणार?

मार्सियानोच्या बाजूने एक गोष्ट मात्र आवर्जून नोंदवली पाहिजे. थांबण्याची वेळ त्याने ओळखली. १९०५ मध्ये अपराजित निवृत्त झालेला जिम जेफ्रीज १९१० मध्ये परतला आणि जॅक जॉन्सनकडून पराभूत झाला. लुई परतला, अलीही परतला, आणि दोघांचे शेवटचे सामने पाहवत नाहीत. मार्सियानो बत्तिसाव्या वर्षी कुटुंबासाठी थांबला आणि पुन्हा उतरला नाही. एवढा विवेक त्याला आर्थिक व्यवहारात दाखवता आला नाही, हे बँकेच्या मासिकात नमूद करण्याचा मोह आवरत नाही. त्याचा बँकांवर विश्वास नव्हता. तो रोकड जागोजागी लपवून ठेवी, आणि त्याच्या मृत्यूनंतर कुटुंबीयांना त्यातील बहुतांश रक्कम कधीच सापडली नाही, असे त्याचे चरित्रकार सांगतात. एका क्षेत्रातील श्रेष्ठत्व माणसाला सर्वच क्षेत्रांत शहाणे करीत नाही, एवढाच याचा अर्थ.

या वादात मुष्टियुद्ध न पाहणाऱ्यांनीही लक्ष घालावे, असे मला वाटते. आज आपल्या घरांतील मुले, आपल्या कचेऱ्यांतील तरुण सहकारी, एकही डाग नसलेल्या प्रगतिपुस्तकाच्या दडपणाखाली वाढत आहेत. पराभवाची नोंद होऊ नये म्हणून अवघड स्पर्धेत उतरायचेच नाही, अवघड जबाबदारी घ्यायचीच नाही, ही वृत्ती तिथूनच मूळ धरते. आपण त्यांना ४९–० दाखवून दिपवत राहिलो, तर ते शून्याचीच आराधना करतील. त्यापेक्षा फिलाडेल्फियातील तेरावी फेरी त्यांना सांगावी. सर्व गुणपत्रिका विरोधात गेलेल्या असताना मार्सियानो त्या फेरीसाठी कोपऱ्यातल्या स्टुलावरून उठला होता. त्या क्षणी त्याच्या नावापुढचे शून्य त्याच्या काहीही कामाचे नव्हते; कामी आली ती मेहनत आणि जिद्द.