आवाजाला जागा द्या

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालयं, शाळा-महाविद्यालयं आणि न्यायालयं यांच्या आसपासचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरू लागला. त्याच वर्षी मुंबईत साहिल मखिजा या तरुणाने ‘डेमॉनिक रिसरेक्शन’ नावाचा मेटल बँड काढला.

नियमांचा फटका धोबीतलावच्या रंगभवनाला बसला. शेजारी झेवियर्स कॉलेज, जवळच कामा आणि जी. टी. रुग्णालय. ‘इंडिपेंडन्स रॉक’ या रॉक महोत्सवासाठी ज्या उघड्या प्रेक्षागृहात पोरं गर्दी करायची, तिथलं संगीत काही वर्षांतच थांबलं. आजाऱ्याच्या झोपेपेक्षा गिटार मोठी नाही, हे मला मान्यच आहे. पण एक जागा काढून घेतल्यावर त्या तोडीची दुसरी देण्याचं कुणाच्या मनातही आलं नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

जागा नाही म्हणून साहिलने स्वतःच ‘रिसरेक्शन’ या नावाने कार्यक्रम भरवायला सुरुवात केली. रेकॉर्ड कंपन्या या संगीताला उभं करत नव्हत्या, तेव्हा ‘डेमॉनस्टीलर रेकॉर्ड्‌स’ हे लेबल काढलं आणि इतर बँडचे अल्बमही त्यावर आणले. ‘डेमॉनिक रिसरेक्शन’चा प्रवास बघताना नुसती गाणी मोजून चालत नाही, ते याचसाठी. वादक आले, गेले. गिटार बदलली, ड्रमवरचा माणूस बदलला, साहिल मात्र राहिला. २०१० मध्ये ‘द रिटर्न टू डार्कनेस’ हा अल्बम आला आणि त्याच वर्षी ‘मेटल हॅमर’ या ब्रिटिश मासिकाचा ‘गोल्डन गॉड्‌स’ सोहळ्यातला ‘ग्लोबल मेटल’ पुरस्कार या मुंबईकरांना मिळाला. २०१४ मध्ये ते जर्मनीत वाकनच्या महोत्सवात वाजवून आले. जगभरातले मेटलवाले ज्या मंचाची स्वप्नं बघतात, तो हा मंच.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो त्यांचा २०१७ चा ‘दशावतार’ हा अल्बम. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी. शब्द इंग्रजी, गिटारींच्या भिंतीतून मधूनच डोकावणारे आपल्या वाद्यांचे सूर. साहिल घशाच्या तळातून गुरगुरतो आणि पुढच्याच ओळीला स्वच्छ, मोकळ्या आवाजात गातो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नुसता कल्लोळ वाटेल. थोडी कळ काढावी. ड्रमच्या धबडग्याखाली कीबोर्डची संथ चाल सापडली, की गाणं उलगडायला लागतं.

‘हे आपलं नव्हे’ असं म्हणणाऱ्यांना मी सिंधुदुर्गातल्या जत्रेची आठवण करून देतो. पखवाज, झांज आणि पायपेटीच्या गजरात दशावतारी राक्षस पाय आपटत रंगमंचावर येतो, तेव्हा त्याची आरोळी काय मंजुळ असते? भय आणि भक्ती एकाच रात्रीत अनुभवायची सवय आपल्याला जुनी आहे. मेटलला ती सवय नव्याने शिकवावी लागत नाही.

मग असं संगीत करणाऱ्याचं पोट कशावर चालतं? साहिलचं ‘हेडबँगर्स किचन’ हे यूट्यूब चॅनेल मेटलवाल्यांच्या गप्पा आणि स्वयंपाक यांतून सुरू झालं आणि पुढे कीटो पाककृतींमुळे जगभर पाहिलं जाऊ लागलं. मला त्याचं कौतुक आहे. अशा दुसऱ्या कामाच्या आधारावर तो ‘डेमॉनस्टीलर’ या एकट्याच्या नावाने अल्बम काढत राहिला. २०१६ च्या अल्बमवर ‘नाइल’ या मेटल बँडचे ग्रीक ड्रमर जॉर्ज कोलियास वाजवतात, २०२३ मध्ये ‘द प्रोपगंडा मशीन’ आला. पण ज्याच्याकडे पाककृतींचा आधार नाही, त्या डोंबिवलीच्या किंवा विरारच्या विशीतल्या ड्रमरने काय करायचं? पबवाल्याला मेटल नको असतं, आणि भाड्याचा हॉल त्याला परवडत नाही.

माझी मागणी साधी आहे. मुलुंडचं कालिदास, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ही नाट्यगृहं महापालिकेची आहेत, बंदिस्त आहेत. महिन्यातली एक संध्याकाळ, नाटकाला लावता त्याच दराने, स्थानिक बँडना द्या. ध्वनिव्यवस्थेची मर्यादा ठरवा, ती मोजायला माणूस बसवा, मोडली तर अनामत जप्त करा. तारखांचं वाटप नाटकांप्रमाणेच आधी जाहीर करा, म्हणजे पोरांना तालमी आखता येतील.