यंत्रात फुंकण्याआधी बोलता यावं

माननीय महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली



मी सव्वीस वर्षं विमानात केबिन क्रू म्हणून काम केलं, त्यातली शेवटची अकरा पर्सर म्हणून. आता निवृत्त आहे, डोंबिवलीला राहते. जी गोष्ट मी त्या काळी वरिष्ठांना लेखी द्यायला हवी होती, ती आज आपल्याला जाहीरपणे लिहिते आहे.

नव्वदच्या दशकाचा शेवट. मुंबईहून आखातात जाणारी रात्रीची फ्लाइट. माझ्यासोबत मागच्या गॅलीत जी होती तिला मी ताई म्हणत असे, कारण त्या सगळ्या इंग्रजी-हिंदी वातावरणात आम्ही दोघीच मराठी होतो आणि नोकरीला लागले तेव्हा साडीच्या निऱ्या झटपट कशा बसवायच्या इथपासून सगळं तिनेच मला शिकवलं होतं. ताईच्या तोंडात नेहमी वेलदोडा असायचा. का असायचा, हे मला ठाऊक होतं. आमच्या बेसवर बहुतेकांना ठाऊक होतं.

पहाटे तीनच्या सुमारास आम्ही उतरलो. दारं डिसआर्म करण्याची सूचना झाली. मी माझं दार केलं आणि क्रॉस-चेकसाठी तिच्या दाराकडे वळले. लिव्हर जागचा हललेला नव्हता आणि तिचा हात दार उघडायच्या हँडलवर होता. आर्म केलेलं दार आतून उघडलं, की आणीबाणीची स्लाइड काही सेकंदांत फुगते आणि जोरात बाहेर फेकली जाते. दाराच्या काचेतून मला शिडीवर उभी असलेली दोन माणसं दिसत होती. मी तिचा हात धरला. ती माझ्याकडे बघत राहिली. आपण काय करत होतो हे तिला उमगायलाच वेळ लागला.

हॉटेलवर गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "कुणाला सांगू नकोस गं. पोराची दहावी आहे."

मी नाही सांगितलं. त्यानंतर कितीतरी फ्लाइट आम्ही बरोबर केल्या आणि प्रत्येक वेळी माझ्या दारासोबत तिचं दारही मीच बघत असे. आमच्या क्रूतली आठ-दहा माणसं आणि मागे बसलेले सगळे प्रवासी माझ्या गप्प बसण्यावर प्रवास करत होते. मैत्री, कीव, भीती, यातलं कुठलंही नाव मी त्याला आज दिलं तरी ते चूकच होतं.

त्या काळी आमची रोज तपासणी होत नसे. आज होते, आणि त्याचं श्रेय आपल्या कार्यालयाला आहे. भारतातून सुटणाऱ्या उड्डाणांसाठी ड्यूटीच्या सुरुवातीला वैमानिक आणि केबिन क्रू या सगळ्यांना यंत्रात फुंकावं लागतं. १९३७ च्या विमान नियमांतल्या २४ व्या नियमानुसार उड्डाणाआधीचे बारा तास दारूला स्पर्श करायचा नाही. ब्रिटनमध्ये रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमपर्यंत मोकळीक आहे, अमेरिकेत ०.०४ टक्क्यांच्या खाली आणि आठ तासांचं अंतर चालतं. आपल्याकडे शून्य म्हणजे शून्य. दारूचा अंश असलेला माउथवॉशसुद्धा २०२३ पासून वर्ज्य आहे. आणि हा नियम फक्त खालच्यांना लागू होतो असंही नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये दिल्ली-लंडन उड्डाणाआधी एअर इंडियाचे तेव्हाचे संचालकच, ऑपरेशन्स विभागाचे प्रमुख, दोन वेळा फुंकूनही नापास झाले. त्यांचा परवाना तीन वर्षांसाठी निलंबित झाला, पदही गेलं. त्या दिवशी आमच्यातल्या अनेकींना पहिल्यांदा वाटलं, की हे यंत्र सगळ्यांना सारखंच ओळखतं.

त्यामुळे नियम सैल करा असं सांगायला मी लिहीत नाही. शून्य शून्यच राहू दे. मला सांगायचं आहे ते या यंत्राच्या हाती लागत नाही त्याबद्दल.

परदेशातून भारतात येणाऱ्या उड्डाणांचंच घ्या. तिथे क्रूची चाचणी होते ती भारतात उतरल्यावर. म्हणजे लंडनहून निघालेल्या माणसाने नऊ तास विमान चालवल्यावर किंवा नऊ तास केबिन सांभाळल्यावर आपण त्याला विचारतो, की निघताना तू शुद्धीत होतास का? तोवर शरीरातली दारू बरीचशी उतरलेली असते. रक्तातलं तिचं प्रमाण तासाला १०० मिलिलिटरमागे साधारण १५ मिलिग्रॅमने कमी होतं, हे गणित प्रत्येक सवयीच्या पिणाऱ्याला तोंडपाठ असतं. डिसेंबर २०२५ मध्ये व्हँकुव्हरला एअर इंडियाच्या एका वैमानिकाच्या कर्तव्यक्षमतेविषयी कॅनडाच्या अधिकाऱ्यांनी शंका घेतली, त्याला विमानातून उतरवलं आणि ते उड्डाण उशिराने निघालं. तिथे ती शंका परक्या लोकांना आली म्हणून पुढचं टळलं. जिथे कुणाला शंकाच येत नाही, तिथे काय होतं?

शिवाय यंत्रावर शून्य आलं म्हणजे माणूस ठीक आहे, हेही खरं नाही. १९८६ साली अमेरिकेत नौदलाच्या दहा वैमानिकांवर एक प्रयोग झाला. रक्तात ०.१० टक्के येईपर्यंत त्यांना दारू दिली आणि चौदा तासांनी सिम्युलेटरवर बसवलं. आपल्या बारा तासांपेक्षा दोन तास जास्तच. तरीही त्यांचं उड्डाण एरवीपेक्षा ढिसाळ झालं, आणि आपलं काही बिघडलं आहे असं त्यांना स्वतःला वाटलं नव्हतं. ताईचंही तेच होतं. त्या पहाटे तिला यंत्रात फुंकायला लावलं असतं, तर कदाचित शून्यच आलं असतं. पण तिचा हात लिव्हरऐवजी हँडलवर होता.

या सगळ्याहून मोठी गोष्ट आहे ती गप्प बसण्याची. १३ जानेवारी १९७७ चा अँकरेजचा अपघात आपल्या अधिकाऱ्यांना माहीत असेलच. जपान एअरलाइन्सचं डीसी-८ मालवाहू विमान जिवंत गुरं घेऊन टोकियोला निघालं होतं. उड्डाण होताच कोसळलं आणि आतली पाचही माणसं गेली. कॅप्टन दारूच्या अंमलाखाली होता. त्याला विमानतळावर सोडणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या ते लक्षात आलं होतं आणि त्याने आपल्या कार्यालयाला तसं कळवलंही होतं. विमान तरीही सुटलं. कॅप्टनला थांबवण्यात बाकीचे वैमानिक कमी पडले, हे अमेरिकेच्या तपास मंडळाने अपघाताला हातभार लावणारं कारण म्हणून लिहून ठेवलं. टॅक्सीवाला बोलला, कॉकपिटमधली माणसं बोलली नाहीत. ती का बोलली नसतील, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आपल्या नियमांत पहिल्यांदा चाचणीत सापडलं तर परवाना तीन महिने निलंबित होतो, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. एखाद्या लग्नानंतर, कुणाच्या वाढदिवसानंतर वेळेचा अंदाज चुकलेल्या माणसाला ही शिक्षा पुरेशी आहे, तो पुन्हा चुकत नाही. पण ज्याला दारूचा आजार जडला आहे त्याला शिक्षा थांबवत नाही. ती त्याला फक्त अधिक हुशारीने लपवायला शिकवते. तो सुट्टीचे दिवस हिशेबाने लावून घेतो, आजारपणाची रजा टाकतो, कुठल्या सेक्टरला उतरल्यावर फुंकायचं आहे ते बघून फ्लाइट बदलून मागतो. आणि त्याच्या शेजारच्या माणसाला कळलं, तरी त्या माणसापुढे दोनच वाटा असतात: मित्राची भाकरी घालवायची, नाहीतर तोंड बंद ठेवायचं. माणसं दुसरी वाट धरतात. मी धरली.

मला सगळ्यात बोचतं ते असं, की आपल्याच कार्यालयाला तिसरी वाट माहीत आहे. गांजा, अफू, कोकेन यांसारख्या पदार्थांच्या चाचण्या आपण जानेवारी २०२२ अखेरीस सुरू केल्या. त्या नियमात पहिल्यांदा सापडलेल्याला व्यसनमुक्ती केंद्रात पाठवायची तरतूद आहे. उपचार आधी, परवाना जाणं नंतर. मग दारूच्या नियमाची सुरुवात निलंबनाने का? गांजा ओढणारा रुग्ण आणि दारू पिणारा फक्त गुन्हेगार, हा भेद कुठल्या डॉक्टरने सांगितला? पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात १९८६ पासून हजारो घरांनी आपली माणसं नेली आहेत. दारूचं व्यसन हा आजार आहे, हे महाराष्ट्रातल्या त्या घरांना पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

उपचार घेऊन माणूस कामावर परत येऊ शकतो, याचं एक खरं उदाहरण आहे. मार्च १९९० मध्ये अमेरिकेत नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या तीन वैमानिकांनी फार्गोहून मिनियापोलिसला विमान नेलं. आदल्या रात्री ते भरपूर प्यायले होते. उतरल्यावर तिघांना अटक झाली, तिघेही तुरुंगात गेले. त्यांच्या कॅप्टनचा परवाना गेला, त्याने शिक्षा भोगली, उपचार घेतले, परवान्याच्या परीक्षा पहिल्यापासून पुन्हा दिल्या. त्याच कंपनीने त्याला परत घेतलं आणि तो ७४७ चा कॅप्टन म्हणून निवृत्त झाला. हे घडू शकलं, कारण तिथे १९७४ पासून वैमानिकांची संघटना, कंपन्या आणि सरकारी नियामक मिळून एक कार्यक्रम चालवतात. माणूस स्वतःहून किंवा सहकाऱ्याच्या सांगण्यावरून पुढे येतो, त्याला उड्डाणावरून उतरवलं जातं, उपचार होतात, नंतर कित्येक वर्षं त्याच्यावर डॉक्टरांची आणि सहकाऱ्यांची नजर असते. केबिन क्रूसाठीही तिथे असा वेगळा कार्यक्रम आहे.

प्रवासी विचारतील, व्यसनी माणसाच्या हाती पुन्हा विमान कशाला? त्यांचा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर इतकंच, की तो माणूस आजही उडतो आहे, फक्त कुणाला न सांगता. उपचार घेतलेला, दर महिन्याला तपासला जाणारा माणूस मला त्याच्यापेक्षा कितीतरी जवळचा वाटतो, आणि माझ्या नातीला घेऊन मी त्याच्या विमानात बसेन.

आमच्या कामाविषयी थोडं सांगते, कारण ते रोस्टरच्या तक्त्यात दिसत नाही. रात्रभर जागून परक्या शहरात पोचायचं, दुपारी बाराला पडदे ओढून झोपायचा प्रयत्न करायचा. बाहेर लख्ख ऊन, अंगात मुंबईची वेळ, घरी फोन लावावा तर मुलं शाळेत. अशा खोलीत एकटीने बसलेल्या बाईला झोप लागावी म्हणून पहिला पेला भरावासा वाटतो. ताईची सुरुवात तिथेच झाली, तिनेच मला सांगितलं होतं. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती आपण ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रीच्या लँडिंगला मर्यादा घातली, हे मोठं काम झालं. विमान कंपन्या कितीही गाऱ्हाणी घेऊन आल्या तरी त्यापासून मागे हटू नका. थकलेल्या माणसाला झोपेसाठी बाटली लागू नये, याची सुरुवात रोस्टरपासूनच होते.

माझं मागणं असं आहे. कुठल्याही चाचणीत सापडण्याआधी जो क्रू स्वतःहून कंपनीच्या डॉक्टरकडे जाईल, त्याला त्याच दिवशी उड्डाणावरून उतरवा, पण त्याचं नाव शिक्षेच्या वहीत घालू नका. उपचार पूर्ण होईपर्यंत त्याची नोकरी आणि पगार टिकेल, असं नियमात स्पष्ट लिहा. सहकाऱ्याने कळवलं तर त्याचंही नाव गुप्त राहू दे. जो चाचणीत सापडेल त्याला शिक्षा द्याच, आणि शिक्षेसोबत पहिल्याच वेळी तज्ज्ञाकडून व्यसनाची तपासणी सक्तीची करा. परदेशातून निघणाऱ्या उड्डाणांची चाचणी निघण्याआधी तिथेच घ्या. त्यासाठी लागणारं यंत्र हातात मावतं. आणि हे सगळं करताना केबिन क्रूला मागे ठेवू नका. २०२३ च्या पहिल्या सहा महिन्यांत आपल्याकडे चाचणीत नापास झालेल्यांत ३३ वैमानिक होते आणि ९७ केबिन क्रू. वैमानिकांच्या मनःस्वास्थ्यासाठी त्याच वर्षी आपण सहकाऱ्यांनी सहकाऱ्यांना आधार देण्याची योजना आणलीत. ट्रॉली ओढणाऱ्या मुलीलाही ती हवी आहे. जानेवारी २०२४ मध्ये टोकियोच्या हानेदा विमानतळावर जळत्या विमानातून ३७९ माणसं जिवंत बाहेर आली, ती दाराशी उभ्या असलेल्या क्रूची डोकी शुद्धीवर होती म्हणून.

ताई २००६ साली गेली. यकृताचा आजार होता. शेवटच्या आजारपणापर्यंत ती उडत होती. तिच्या सेवेच्या नोंदीत दारूविषयी एक अक्षरही नाही.

आपली,
एक निवृत्त पर्सर