ॲप बंद झालं, तर तक्रार नागपुरात की सौंसरातून?

पांढुर्णा : अमेरिकेच्या अनोव्हा कंपनीने अन्न मंद, ठरावीक तापमानाच्या पाण्यात शिजवणाऱ्या आपल्या २०१४ आणि २०१५ च्या यंत्रांची ॲप-जोडणी २८ सप्टेंबर २०२५ पासून बंद केली. बटणं चालतात, मोबाईलवरून चालवायची सोय गेली. पैसे मात्र त्या सोयीचेही घेतले होते.

आपल्याकडेही वायफायवाले एअर फ्रायर, ओव्हन विकले जातात. पांढुर्णा-सौंसरची मोठी खरेदी नागपुरात होते. उद्या ॲप बंद पडलं, तर तक्रारीसाठी महाराष्ट्रात चकरा माराव्या लागतील का? नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ नुसार ग्राहक जिथे राहतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं.

खरी गोम पुढेच आहे. ॲप किती वर्षं चालू ठेवायचं, हे हा कायदा सांगत नाही. म्हणजे कंपनीने काय कबूल केलं होतं, ते ग्राहकालाच दाखवावं लागेल. म्हणून पक्कं बिल घ्या, खोक्यावरचा मजकूर, जाहिरात जपून ठेवा. आणि दुकानदाराला आधीच विचारा: ॲपशिवाय हे किती चालतं?