चाकांवरचे घर आणि मोजकी वीज

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले, भाचे, पुतणे आज परदेशी आहेत. इंग्लंडातील स्विंडन शहरात तर गोवेकर कुटुंबांची मोठी वस्तीच झालेली आहे. त्या देशात सुट्टीच्या दिवसांत ‘मोटरहोम’ भाड्याने घेऊन सहकुटुंब प्रवासास निघण्याची चाल आहे. मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. निजावयास जागा, चूल, पाण्याची टाकी, दिवे असे सर्व काही एकाच गाडीत असते. मुक्कामाच्या तळावर बहुधा २३० व्होल्टच्या विजेचा खांब असतो आणि त्यास गाडीची तार जोडली की काळजी मिटते. परंतु डोंगरात किंवा समुद्रकाठी, जेथे खांब नाही, तेथे रात्र काढावयाची झाल्यास सारी भिस्त बॅटरीवर असते. ती वीज कशी पुरवावी, याचा विचार आज करू.

अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्याची आणि दुसरी घरकामाची. पहिलीस घरकामासाठी हात लावू नये. नाहीतर सकाळी गाडी जागची हलणार नाही. दुसरी पुष्कळदा शिशाची असते. गॅस्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली जी बनविली, तिचीच ही वंशज होय. ती १२ व्होल्टची व १०० अँपिअर-तासांची असेल, तर तिच्यात १,२०० वॉट-तास वीज मावते. पण ती निम्म्याहून अधिक उपसू नये. वारंवार तळ गाठल्यास आतील शिशाच्या पत्र्यांवर कठीण थर बसतो व बॅटरीचे आयुष्य लवकर संपते. सबब, खर्चावयास हाती राहतात ६०० वॉट-तास.

आता एका थंड रात्रीचा हिशेब मांडू. चार वॉटचे चार दिवे पाच तास लावले, तर ८० वॉट-तास गेले. दोन फोन भरण्यास ३० धरा. पाण्याचा पंप साठ वॉटचा, तो दिवसभरात सारी मिळून वीस मिनिटे चालला, तर २० गेले. गाडी उबदार ठेवणारा गॅसचा किंवा डिझेलचा हीटर जरी इंधनावर जळत असला, तरी त्याचा पंखा विजेवरच फिरतो. त्यास सरासरी वीस वॉट धरल्यास दहा तासांत २०० वॉट-तास लागतात. एकूण बेरीज झाली ३३०. म्हणजे एक रात्र सुखाने जाते. परंतु मध्ये बॅटरी भरली नाही, तर दुसरी रात्र पुरी निभत नाही.

यातच कोणी चहासाठी विजेची किटली लावली, तर काय होते पाहा. एक लिटर थंड पाणी उकळण्यास सुमारे १०० वॉट-तास लागतात, म्हणजे चार वॉटचा दिवा पंचवीस तास जळेल इतकी वीज. शिवाय दोन हजार वॉटची किटली बारा व्होल्टच्या बॅटरीतून एका वेळी १६० अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते. वीस तासांत हळूहळू रिकामी व्हावी अशा बेताने बनविलेल्या बॅटरीस हा भार सोसत नाही. केस वाळविण्याचे यंत्र व इस्त्री यांचीही तीच गोष्ट. म्हणून एक नियम ध्यानात धरावा: ज्या कामात उष्णता निर्माण करावयाची, ते बॅटरीकडे सोपवू नये. पाणी गॅसच्या चुलीवर तापवावे. बॅटरीने दिवे, पंप आणि पंखा एवढे सांभाळावे.

खर्चाप्रमाणे जमेचाही विचार हवा. गाडी चालू असता इंजिन बॅटरी भरते, पण शिशाची बॅटरी शेवटचा हिस्सा फार सावकाश घेते. तासाभराच्या प्रवासात ती पूर्ण भरेल असे समजू नये. छतावरील १०० वॉटचा सौर पत्रा इंग्लंडच्या जून महिन्यात दिवसाला सुमारे ४०० वॉट-तास देऊ शकतो. डिसेंबरात मात्र त्याचा चौथा हिस्सा मिळणेही कठीण. संध्याकाळी काही वेळ सर्व उपकरणे बंद ठेवून व्होल्टमापक पाहावा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्म्यावर आलेली.

हा हिशेब चुकल्यास नुसता अंधार होतो असे नाही. पहाटे पंखा थांबतो, हीटर विझतो आणि थंडीने मुले जागी होतात. त्या वेळी चूल पेटती ठेवून निजण्याचा किंवा कोळशाची शेगडी आत आणण्याचा मोह होतो. तो प्राणघातक आहे. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्यास रंग नाही, वास नाही. निजलेला माणूस पुन्हा उठत नाही. तंबूंत व अशा गाड्यांत ब्रिटनमध्ये असे मृत्यू झालेले आहेत. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून निजण्याचा धोका ग्वाल्हेरकडील आमच्या वाचकांस वेगळा सांगावयास नको. जनरेटरही दारे-खिडक्यांपासून दूर, उघड्यावरच चालवावा. गाडीत या वायूची सूचना देणारी घंटा आहे ना व ती वाजते ना, हे भाड्याने घेतानाच पाहावे. जादा पांघरुणे बरोबर असू द्यावीत. त्यांस वीज लागत नाही.

आपल्या घरातील इन्व्हर्टरची बॅटरीही याच जातीची. वीज गेल्यावर तिच्यावर इस्त्री किंवा पाण्याचा हीटर लावू नये, शुद्ध केलेले पाणीच तिच्यात घालावे आणि ती भरत असता जवळ जळती काडी नेऊ नये, कारण त्या वेळी तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. परदेशी असलेल्या मुलांशी बोलताना हा हिशेब त्यांच्याही कानी घालावा. कणगीतील धान्य पाहून मगच सूप भरणाऱ्या गृहिणीस तो समजावून सांगावा लागणार नाही.