प्राथमिक शाळांत गणिताच्या परिणामकारक अध्यापनासाठी निवेदन

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद.

विषय : गणिताच्या तासाला पुरेसा वेळ, साहित्य व प्रशिक्षण मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही केंद्रातील प्राथमिक शिक्षक व शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य हे निवेदन सादर करीत आहोत.

जुलै 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने 2026-27 पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत संख्याज्ञान यावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. ते आम्हाला मनापासून मान्य आहे. वर्गात घोडे अडते ते असे : 52 मधून 28 वजा करताना अनेक मुले 36 लिहितात. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, एवढेच त्यांना ठाऊक असते. 5 म्हणजे पाच दशक, हे उमगलेले नसते. लाल फुली मारून हातच्याची आणखी दहा उदाहरणे दिली, तर तीच चूक पक्की होते. मात्र मुलाने दहा काड्यांचा एक गठ्ठा सोडून सुट्या दोन काड्यांत मिसळला आणि बारांतून आठ उचलल्या, की उत्तर 24 का, हे तो स्वतः सांगतो. पुढे तेच चित्रात आणि मग अंकांत मांडतो. या शिकण्याला वेळ लागतो. तोच आज मिळत नाही.

म्हणून आमच्या मागण्या :

1. गणिताच्या तासाला माहिती मागवणे, बैठका व ऑनलाइन नोंदी पूर्णपणे थांबवाव्यात. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 27 मधील अपवाद वगळता अशैक्षणिक कामे देऊ नयेत.

2. काड्या, मणीमाळा, अपूर्णांकाच्या पट्ट्या प्रत्येक वर्गात द्याव्यात. वापरात मोडलेले साहित्य साठा नोंदवहीतून सहज कमी करता यावे. वसुलीच्या धास्तीने ते कपाटात पडून राहू नये.

3. शिक्षण परिषदेत भाषणांऐवजी मुलांच्या वह्यांतील चुकांवर चर्चा व प्रत्यक्ष वर्गात नमुना पाठ व्हावेत.

4. शाळाभेटीत पूर्ण झालेली पाने मोजण्याऐवजी मुलाला ‘हे कसे काढलेस?’ असे विचारावे.

5. रिक्त पदे भरावीत. तोपर्यंत बहुवर्ग शाळांना स्तरनिहाय सरावपत्रिका पुरवाव्यात.

यांतील पहिल्या, तिसऱ्या व चौथ्या मागणीला वेगळा निधी लागत नाही. आपले एक परिपत्रक पुरेसे आहे. स्थानिक किंमत कच्ची राहिलेले मूल पुढे भागाकारात आणि दशांशातही अडते. तरी चालू सत्रातच निर्णय घ्यावा व चर्चेसाठी आम्हांस वेळ द्यावी, ही विनंती.

आपले नम्र,
केंद्रातील शिक्षक व शाळा व्यवस्थापन समिती सदस्य

प्रत माहितीस्तव : मा. प्राचार्य, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था